दारात पार्सल न उघडणारे भावोजी

बोलणारी माणसं जगात मुबलक आहेत आणि ऐकणारीही, शोधलीच तर, सापडतात. पण कानावर आलेला एक शब्दही वाया जाऊ न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. आता, ऐकलेल्याचं उत्तर ते केव्हा देतील, हा भाग वेगळा. ताईने सकाळी विचारावं, "रात्रीला पापलेट आणू की बोंबील?" की भावोजी हातातलं काम न सोडता एक बोट वर करतात. त्याचा अर्थ निरोप पोचला, इतकाच. भाचीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले त्या दिवशीही ताईने सकाळी हेच विचारलं होतं. दुपारी मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "मग, मुलाबद्दल तुमचं मत काय झालं?" आणि नेमका तेव्हाच भावोजींच्या डोक्यातल्या रांगेत ताईचा नंबर लागला. "बोंबील," ते शांतपणे म्हणाले. लग्न झालं. जावई अजून त्या उत्तराचा अर्थ लावतोय.

याचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे. काशीमीऱ्याच्या एका कारखान्यात लिफ्टची सर्किटं करण्यात त्यांची उभी हयात गेली. नखाएवढी चिप, तिच्याकडे एका तारेवरून एकामागून एक अक्षरं येणार, आणि त्याच वेळी तिने दार उघडायचं, मजला दाखवायचा, दिवा लावायचा. हे जमायचं कसं, याचं स्पष्टीकरण आमच्या घरात प्रत्येकाने जेवताना ऐकलेलं आहे. "अरे, चिपने तारेकडे टक लावून बसायचंच नाही. अक्षर आलं की बेल वाजते. त्याला इंटरप्ट म्हणतात. हातातलं काम तिथेच ठेवायचं, दारात जायचं, पार्सल घ्यायचं, टेबलावर ठेवायचं आणि परत आपल्या कामाला. पार्सल दारात उभं राहून उघडायचं नाही! तू उघडत बसलास की मागचा कुरियरवाला कंटाळून निघून जातो. उघडायला घरात दुसरी माणसं आहेत, ती आपापल्या नंबराने उघडतील." हे नंबर लावणारी जी व्यवस्था चिपमध्ये असते तिचं नाव रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम असं भारदस्त आहे. भावोजी तिला ‘घरातली मोठी बाई’ म्हणतात आणि हे म्हणताना ताईकडे बघत नाहीत.

तर भावोजी स्वतःही असेच चालतात. कशावर लक्ष ठेवून बसणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "झालं का, झालं का, असं सारखं विचारणारा माणूस स्वतःही काम करत नाही आणि समोरच्यालाही करू देत नाही," हे त्यांचं मत आहे, आणि त्या मतापायी त्यांची स्कूटर गॅरेजवाल्याचा फोन येईपर्यंत म्हणजे जवळजवळ एक पावसाळा गॅरेजमध्ये राहिली. गॅरेजवाला त्यांच्या येण्याची वाट बघत होता. दुधावर लक्ष ठेवायचा तर प्रश्नच नाही. त्यांनी पातेल्याला एक तार लावली, उतू जायच्या बेतात आलं की भोंगा वाजेल अशी. तो वाजला मात्र, आणि आख्खा मजला गॅस गळाला म्हणून चपला न घालता जिन्यात उतरला. शेजारच्या खालांनी, म्हणजे अख्ख्या मजल्याच्या मावशींनी, वर येताना दारातूनच विचारलं, "भाईसाब, दूध उबला था या बिल्डिंग?"

माणसांनाही त्यांच्याकडे अग्रक्रम आहेत. सर्वांत वर मुर्धा गावात राहणारी त्यांची आई. तिचा फोन आला की भावोजी वाक्य अर्धं सोडून उठतात, मग समोर कोणीही असो. "मासली आनलीय, येतस का न्हाय?" एवढंच ती विचारते आणि ठेवते. त्यानंतर ताई, त्यानंतर नातवंडं, मग लिफ्टमध्ये अडकलेली माणसं. मी कुठे आहे हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी बोट वर केलं. उत्तर अजून यायचंय.

आता खोलीचं सांगतो. निवृत्तीनंतर भावोजींची कार्यशाळा आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पंपाशेजारच्या खोलीत होती. ताईच्या पैठणीवर तारा जोडायच्या वितळलेल्या सोल्डरचा थेंब पडल्यापासून घरात त्या कामाला बंदी, म्हणून सोसायटीने ती रिकामी खोली त्यांना वापरायला दिलेली. तिथे ते सकाळी जायचे आणि जेवायला वर यायचे, आणि मधल्या वेळात त्यांच्याइतका सुखी माणूस मीरा रोडमध्ये नव्हता. पण नवे अध्यक्ष आले. या गृहस्थांच्या नावाआधी तीन उपाध्या आहेत आणि नावानंतर दोन. मधलं नाव शोधावं लागतं. त्यांना त्या खोलीत ‘अध्यक्षीय कार्यालय’ हवं होतं. "सोसायटीला एक दर्जा पाहिजे की नाही?" ते म्हणाले. दर्जा म्हणजे फिरती खुर्ची.

ताई त्यांच्या तोंडावर म्हणाली, "खोली घेतलीत तर या माणसाला ठेवू कुठे? सोफ्यावर? आठवड्यात सोफा उघडून बसेल हा."

शेवटी तोड निघाली. आमच्याकडे पाणी येतं ते त्याच्या मर्जीने, आणि आलं की टाकी भरली का हे बघायला बायका पाळीपाळीने गच्चीवर चढतात. भावोजींनी यंत्र बसवायचं: गच्चीवरची टाकी तारेवरून खाली निरोप पाठवेल, "भरत आली", मग "भरली", आणि खालची पेटी पंप बंद करेल. उद्घाटनाला यंत्र चाललं तर खोली भावोजींची. नाही चाललं तर खुर्चीची.

भावोजींनी पेटी केली. तेव्हा अध्यक्षांनी एक लहानशी सूचना केली. प्रत्येक निरोपाबरोबर पेटीवरच्या पट्टीत त्यांचं नाव सरकत जावं, सर्व उपाध्यांसह, आणि सावकाश, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांना वाचता येईल. भावोजींना नाही म्हणता येत नाही. त्यांनी चाचणी घेतली ती नावाच्या जागी ‘नमस्कार’ घालून. झकास चाललं.

रविवारी सकाळी इमारतीखाली मांडव, खुर्च्या, शाल. लोक ताटकळू नयेत म्हणून टाकी आधीच भरत आणून ठेवली होती. अध्यक्षांनी नारळ फोडला, कळ दाबली, पंप सुरू झाला. वरून "भरत आली" हा निरोप आला आणि पट्टीत पहिली उपाधी डोलत डोलत निघाली. टाळ्या पडल्या आणि अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. दुसरी उपाधी आली. तिसरीच्या सुमाराला टाकी भरली आणि तिने तसं सांगितलं. ते ऐकायला दारात कोणी नव्हतं. चिप नाव वाचत होती. भावोजींचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. "अरे देवा," ते पुटपुटले, "मी दारातच उघडलं!" आणि ते पंपाकडे धावले. तेवढ्यात गच्चीच्या नळीतून पाण्याची जाड धार सुटली ती थेट मांडवावर. कापड क्षणभर फुगलं, मग अध्यक्षांच्या भाषणाच्या ‘पारदर्शक कारभार’ या शब्दांवर मधोमध फाटलं. मुलांनी नाचायला सुरुवात केली. खाला हसून हसून खुर्चीवरून खाली आल्या. "चला, आज धार भरपूर आहे," म्हणत ताईने घरून बादली आणली.

पंप बंद करून भावोजी परत आले ते मान खाली घालून. अध्यक्ष निथळत उभे होते. "हे काय झालं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार होतो, की साहेब, आपल्या उपाध्या झाल्या. भावोजींनी माझा दंड धरला. "चूक माझी," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांना जे करू नका सांगितलं तेच मी केलं. अर्धा तास द्या." भिजलेला माणूस नाही कसं म्हणणार? तो आधीच सगळं गमावून बसलेला असतो.

अर्धा तास आम्ही सगळे खोलीच्या दाराशी ओलेते उभे होतो आणि गंमत म्हणजे एकानेही "झालं का?" असं विचारलं नाही. भावोजींनी नाव दारातून उचललं आणि सर्वांत शेवटच्या नंबरावर ठेवलं. म्हणजे टाकीचं काम नाही, पंपाचं नाही, कुणाचंच काही नाही, अशा रिकाम्या वेळी ते सरकेल; निरोप आला की गपकन थांबेल. मग थोडं पाणी सोडून टाकी पुन्हा भरली. काठाशी आली आणि पंप असा अलगद थांबला की शांतता ऐकू आली. भावोजींनी अध्यक्षांना सगळं प्रामाणिकपणे सांगितलं: तुमचं नाव आता सगळ्या कामांच्या खाली आहे. अध्यक्ष काळजीत पडले आणि मग पट्टीकडे बघत राहिले. यंत्राला दिवसभर फारसं काम नसतं. नाव सरकत होतं, संपत होतं, पुन्हा येत होतं. "म्हणजे हे असंच चालू राहणार?" त्यांनी हळूच विचारलं. "तुम्हाला कंटाळा येईपर्यंत," भावोजी म्हणाले. अध्यक्षांना तो अजून आलेला नाही. खोली भावोजींकडे राहिली.

हल्ली संध्याकाळी मीही तिथे जातो. भावोजी एकावर एक दोन चष्मे लावतात, आणि बारीक जोडणीच्या वेळी टॉर्च धरायचं काम माझ्याकडे असतं. सोल्डरचं टोक पूर्वी एका झटक्यात जागेवर बसायचं. आता ते जागेच्या आसपास जरा घोटाळतं, माघार घेतं, पुन्हा येतं.

"उजेड हलतोय रे," भावोजी म्हणतात.

"हो, भावोजी," मी म्हणतो, "माझाच हात हलला." आणि टॉर्च दोन्ही हातांनी धरतो.