भुलाबाईच्या गाण्याची चौथी ओळ

बाळा, मी लहानपणी रचलेलं गाणं तू मागितलंस आणि ते पाठवायला मी पाच दिवस लावले. माझी प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते, म्हणून तुझ्या दादाला नवल वाटलं. वही लगेच सापडली होती. अडलं होतं ते चौथ्या ओळीपाशी.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई बसते. महिनाभर ती माहेरपणाला असते आणि कोजागरी झाली की सासरी जाते. आम्ही मुली रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी गाणी म्हणायचो. मग झाकलेला डबा हलवून आतली खिरापत ओळखायची. आठ वर्षांची असताना मला आणि शेजारच्या मैत्रिणीला वाटलं, हिला जायचंच नसेल तर? म्हणून तिच्यासाठी आम्ही गाणं केलं.

पुढे कॉलेजात मी ते सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. पण आता वाचताना चौथी ओळ परकी वाटली. चुकीचं गाणं तुला कसं पाठवू? शेवटी बस पकडून पिंपळगाव राजाला मैत्रिणीकडे गेले. ती ओसरीत मेथी निवडत होती. मी वाचून दाखवलं. चौथी, म्हणजे शेवटची ओळ होती, ‘चांदण्याने पुसून टाकू थेंब आसवांचा.’

“हे कोनं लिवलं वं?” तिने विचारलं.

“मीच.”

“कालेजात गेल्यावर लिवलं असशीन. आठ वर्साच्या पोरी आपन, आपल्याले कायचे आसवं?” मेथीची काडी हातात तशीच धरून ती म्हणू लागली:

भुलाबाई, नको जाऊ, सासर तुझं लांब,
कापसाच्या ढिगामंदी लपून तू थांब.
भूक लागली, देऊ तुले भाकर अन् ठेचा,
सू लागली तं सांगजो बाई, कापूस हाये बाबाचा.

आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची सून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. सासूबाईंना ठसका लागला असं तिला वाटलं.

“लाज वाटली असन तुले, म्हून बदललं,” मैत्रीण म्हणाली.

“वाटली होती खरी.”

“तवा तं नाई वाटली. तवा फिकीर होती तुले. दोन दिवस डोकं खाल्लं माझं, कापूस भिजला तं बाबा काय म्हनन.”

ते मी साफ विसरले होते. कॉलेजातल्या मुलीला ती ओळ गावंढळ वाटली आणि तिने ती सफाईने बदलली. आठ वर्षांच्या मुलीने मात्र त्यात गंमत केलीच नव्हती. देवी घरात लपवायची म्हणजे तिची सगळी सोय बघायला हवी, एवढाच तिचा हिशोब होता.

काल फोनवर मी तुम्हाला ते म्हणून दाखवलं. दादा पोट धरून हसला. तू हसली नाहीस. म्हणालीस, “पण आजी, तिला बाहेर कोण नेणार?”

तू विचारलंस आणि मला लख्ख आठवलं. आम्ही तेही ठरवलं होतं. उजेड असेतोवर मी नेणार आणि अंधार पडला की मैत्रीण, कारण मला अंधाराची भीती वाटायची.