हाना मावशींची कॅसेट

तुमच्या पहिल्या घरमालकिणीची तुम्हांला अजून भीती वाटते का? आम्हांला वाटते. तीन मराठी विद्यार्थी एका स्वयंपाकघरात दोन हिवाळे काढतात, तेव्हा किस्से न घासलेल्या भांड्यांसारखे साठतात. त्यांतले हे काही.

*

अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये पुण्याची मेधा, नागपूरचा शिरीष आणि मी हाना मावशींच्या घरी वरच्या मजल्यावर राहत होतो. मावशी चेक, विधवा आणि शिस्तीच्या. दर शनिवारी संध्याकाळी खाली येऊन त्यांच्यासोबत कॅसेटवरचा तोच एक विनोदी चित्रपट पाहायचा, हा भाडेकरूंना नियम. कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतरच्या त्यांच्याच गावाची ती गोष्ट. कालचा पक्षाधिकारी रातोरात दुकानदार होतो आणि त्याच लोकांना त्याच आवाजात दरडावतो.

मेधा म्हणाली, "याला मी ओळखते. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी."

*

शनिवारी माझा मारुतीचा उपवास असे. मावशींनी विचारले, "तुझा देव तुला उपाशी ठेवतो?"

"आठवड्यातून एकदाच, मावशी."

"दयाळू आहे. आमचा पक्ष रोज ठेवायचा."

*

चित्रपटातल्या त्या दुकानाच्या उद्घाटनाला गावाचा बँड येई. त्यात ट्यूबा हे भलेमोठे पितळी वाद्य वाजवणारे गृहस्थ म्हणजे मावशींचे यजमान. पडद्यावर ते क्षणभरच दिसत. त्यांचा हलता-बोलता असा तेवढाच अंश जगात उरला होता. त्या वेळी बोलण्यास मनाई होती. शिरीषने एकदा तोंडात चिवडा घेतला, तर तो बँड जाईपर्यंत चावता आला नाही.

*

पुढे भारताचा सामना आला. त्या वेळी शिरीषला लॅब होती. त्याने मावशींच्या कपाटातली एक कॅसेट न विचारता घेतली आणि रेकॉर्डिंग लावले. विचारल्यावाचून दुसऱ्याची वस्तू घेणे याला माझ्या घरी चोरी म्हणत. मी आजही तेच म्हणतो.

शनिवारी पडद्यावर दुकानाची फीत कापली गेली आणि बँडच्या जागी आपला फलंदाज बाद होऊन परतताना दिसला. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

"मावशी, मला ब्लँक वाटली," शिरीष कसाबसा म्हणाला.

मावशींनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "सामना कोणी जिंकला?"

"आपण हरलो."

"योग्य झाले."

*

पुढच्या शनिवारी फीत कापली जाताच मावशींनी कॅसेट थांबवली. "शिरीष, ऊठ."

त्याने गाल फुगवून, हात गोल धरून, तोंडाने ट्यूबा वाजवला. "ते डावा खांदा खाली ठेवत," मावशी म्हणाल्या. "पुन्हा." पदवी मिळेपर्यंत एकही शनिवार सुटला नाही.

*

नोकरी लागल्यावर शिरीष जर्सी सिटीला गेला. त्याच्याकडच्या गणपतीला मी गेलो होतो. संध्याकाळची आरती ऐन रंगात असताना त्याचा फोन वाजला. वार शनिवार होता. तबक माझ्या हाती देऊन तो बाहेर लिफ्टपाशी गेला. थोड्या वेळाने तिकडून जड, घुमणारा आवाज येऊ लागला. शेजारच्या दोन घरांची दारे उघडली. आमच्या टाळ्या थांबल्या. तेवढ्यात त्याचा आवाजही मध्येच थांबला आणि तो फोनमध्ये नम्रपणे म्हणाला,

"हो मावशी, खालीच आहे खांदा."

आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवू लागला.