गुरुवारचा जुना करार

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठत जातात, आणि एक डबा काढायला जावं तर सगळेच धडाधड अंगावर येतात! आमच्या चर्चच्या गुरुवारच्या वर्गाचं तसंच झालंय.

मी नर्स. ड्युटी संपली की संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन बसते. आम्ही दहा-बाराजण असतो. पाळकसाहेब सध्या बायबलमधला जुना करार शिकवतायत. विषय एकच, देवाची उपासना कशी करावी आणि त्याची आज्ञा कशी पाळावी. साहेब मनापासून शिकवतात, आम्ही मनापासून ऐकतो. अडचण एवढीच, की आम्ही कोल्हापूरचे. नुसतं ऐकून गप्प बसणं आम्हाला जमत नाही!

* * *

सुरुवात अब्राहामापासून झाली. देवानं म्हाताऱ्या अब्राहामाला सांगितलं, तुझा लाडका मुलगा इसहाक मला अर्पण कर. आणि तो खरोखर पोराला घेऊन डोंगराकडं निघाला. ऐन वेळी देवानं त्याला थांबवलं, पोरगं वाचलं. 

साहेब म्हणाले, "बघा, त्यानं जराही चालढकल केली नाही. भल्या पहाटे उठून निघाला. याला म्हणतात आज्ञापालन!"

पुढच्या बाकावर रत्नाकाकू होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, घरातली सगळी पोरं-नातवंडं त्यांच्याच हाताखाली वाढलेली. त्या म्हणाल्या, "पहाटंच निघणार की! त्याची बायको सारा उठली असती तर उंबऱ्याभाईर पाय टाकू दिला असता व्हय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

* * *

मग शब्बाथ आला. सहा दिवस काम, सातवा दिवस विश्रांतीचा. त्या दिवशी कुणी कुणी काम करायचं नाही, ते साहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, नोकर, मोलकरीण, गुरंढोरं, आणि तुझ्याकडं आलेला परका पाहुणासुद्धा.

"आणि बायको?" पाळकबाईंनी विचारलं. त्या साहेबांच्या पत्नी, दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

साहेबांनी पुन्हा बोटं मोजली. मग बायबल उघडून पाहिलं. बायको कुठंच नव्हती! म्हशीला सुट्टी होती, बायकोचं नाव नव्हतं.

"ती 'तू' मध्येच धरलेली आहे," साहेब शेवटी म्हणाले.

"बरं झालं, कळलं," पाळकबाई म्हणाल्या आणि ट्रे टेबलावर ठेवून आमच्यात येऊन बसल्या.

पुढच्या रविवारी त्या उपासनेला सगळ्यांच्या आधी हजर. निवांत, केसांत गजरा. घरी साहेबांनी पोहे केले होते म्हणे. मी हळूच विचारलं, "कसे झाले होते?"

"आज्ञा पाळली त्यांनी," बाई म्हणाल्या, "एवढंच म्हणेन."

* * *

रत्नाकाकूंचे गुडघे दुखतात. सुनेनं त्यांना पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो बघितले आणि सांगितलं, ऑपरेशन नको, गोळ्याही नकोत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ पाय दाबायचा. काकू भडकल्या! "एवढ्या लांब टॉवेल बघायला गेलतो व्हय?" टॉवेलला त्यांनी हात लावला नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी नामानाची गोष्ट घेतली. नामान मोठा सेनापती, अंगावर कोड. संदेष्ट्यानं निरोप पाठवला, यार्देन नदीत सात बुड्या मार. नामानाला राग आला. असला साधा उपाय? आमच्याकडं काय नद्या नाहीत? तेव्हा त्याचे नोकर त्याला म्हणाले, मालक, काही अवघड सांगितलं असतं तर केलंच असतंत ना? मग सोपं सांगितलंय तर करायला काय जातंय?

काकूंनी साहेबांकडं रोखून बघितलं. "सायेब, खरं सांगा. आमच्या सुनेचा फोन आलता न्हवं?"

* * *

कापणीच्या सणाला आमच्यात प्रत्येकजण शेतातलं, गोठ्यातलं जे उत्तम असेल ते देवाला आणतो. आमच्या वर्गातल्या दत्तूदादांनी यंदा सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं, "आमचा मोठा बोकड देवाचा!"

सणाच्या आदल्या संध्याकाळी वर्गात शौल राजाची गोष्ट होती. लढाईतलं काहीही ठेवायचं नाही, अशी त्याला आज्ञा होती. त्यानं धष्टपुष्ट जनावरं राखून ठेवली आणि शमुवेल संदेष्ट्याला सांगितलं, देवाचं सगळं ऐकलं.

साहेब रंगात आले होते. हात कानामागं धरून म्हणाले, "तेव्हा शमुवेलानं विचारलं, मग हा जनावरांचा आवाज कुठून येतोय?"

"ब्यां!" खिडकीबाहेरून उत्तर आलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाहेर नळाच्या खांबाला एक बोकड बांधला होता. लहान, बरगड्या दिसणारा.

दत्तूदादा कपाळ पुसत उभे राहिले. "सायेब, ह्यो दुसरा हाय. मोठा घरीच ठेवलाय. उद्या आणतो की!"

* * *

विलास शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर आहे. वर्गात कधी बोलत नाही. त्याचा थोरला भाऊ राधानगरीकडं गावी असतो. आईच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघांत वाद झाला, आणि आईला माती दिली त्या दिवशी नको ते बोललं गेलं. तेव्हापासून बोलणं बंद. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

साहेबांनी योना शिकवला. देवानं त्याला निनवे शहरात जायला सांगितलं आणि तो उलट्या दिशेच्या जहाजात जाऊन बसला. साहेब म्हणाले, "प्रत्येकाचं एक निनवे असतं. या आठवड्यात जाऊन या."

पुढच्या गुरुवारी दत्तूदादांनी विचारलं, "काय विलास, गेलतास का?"

"गेलतो की. स्टँडवर राधानगरीची गाडी लागलीवती." विलास थांबला. "मी मुरगूडच्या गाडीत बसलो."

"मुरगूडला कोण हाय तुझं?"

"कोण न्हाय. च्या पिलो, परत आलो."

आम्ही पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "योनालाही देवानं दुसऱ्यांदा सांगितलं होतं."

त्यानंतरच्या गुरुवारी विलास आला तो थेट पुढं येऊन बसला.

"गेलतो," तो म्हणाला. "दादा गोठ्यात धार काढत हुता. काय काय बोलायचं ते गाडीत पाठ केलतं, दारात गेल्यावर एक शब्द आठवंना. दादानं मान वर केलीच न्हाय."



"काहीच बोलला नाही?" मी विचारलं.

"बोलला. म्हणाला, 'दार लाव. वासरू भाईर जाईल.'"

रत्नाकाकू पुढं वाकल्या. "मग? भाईरनं लावलंस का आतनं?"

"आतनं, काकू."