उताणं माप

आमच्या शहाद्याच्या दवाखान्यात ऑपरेशन आखून देणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. पेशंटचा स्कॅन त्यात घातला की मूत्रपिंड, खडा, आतडी सगळं रंगीत होऊन स्क्रीनवर फिरायचं. पोट न फाडता सुई कुठून घालायची, किती खोल न्यायची, याची रेघ आखून मिळायची. येईल त्याला मी ते दाखवायचो. बायको म्हणाली, "पोराच्या बारशाचे फोटोसुद्धा इतक्या हौसेनं दाखवले नव्हते तुम्ही."

त्याच आठवड्यात आमचे जुने शिंपी चाचा मुतखडा घेऊन आले. माझी शाळेची खाकी चड्डी त्यांनीच शिवलेली. खडा मोठा होता, शिलाई मशीनवर अर्धा तासही बसवत नव्हतं. नंदुरबारहून त्यांचा स्कॅन आला आणि मी मोठ्या ऐटीत त्यांनाही रेघ दाखवली. आतड्याला वळसा घालून ती नेमकी खड्यावर पोचत होती.

"उद्या सकाळी तुम्हाला पालथं झोपवायचं, पाठीत छोटं भोक पाडायचं, की झालं."

चाचा स्क्रीनकडे बघत राहिले. "हाई चित्र काढं तवय मी कसा व्हतू?"

"उताणे."

"मंग माप उतानं लिधं नी काम पालथं करशी? मी कोनलेच झोपाडीसन पॅंटनं माप लेत नही, भाऊ."

मी हसलो, आणि हसता हसता माझी नजर पुन्हा त्या रेघेवर गेली. माणूस पालथा झाला की आतडं सरकू शकतं, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. एरवी टेबलावर सोनोग्राफीनं नीट बघितल्याशिवाय सुई न उचलणारा मी, त्या सुबक रेघेवर भाळून बसलो होतो. मला मनापासून लाज वाटली.

चाचांना पुन्हा नंदुरबारला पाठवलं आणि पालथं झोपवून स्कॅन करून घेतला. आतडं मूत्रपिंडाच्या मागे सरकून बरोबर माझ्या रेघेवर आलं होतं. तिथून सुई गेली असती तर चाचांच्या जिवावर बेतलं असतं. नवी रेघ जरा वरून आखली. ऑपरेशन निर्धोक पार पडलं आणि तिसऱ्या दिवशी चाचा चालत घरी गेले. त्या दिवशी मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

महिन्याभरानं ते तपासायला आले ते गळ्यात टेप अडकवूनच. माझा ऑपरेशनचा हिरवा गाऊन पाठीत ओढतो, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी हात पसरून ताठ उभा राहिलो.

"तठे असाच उभा ऱ्हास का?" चाचा म्हणाले. "ऑपरेशन करस तसा वाक."

मी रिकाम्या टेबलावर वाकलो, हातात नसलेली सुई धरली. चाचांनी माझ्या पाठीवर टेप लावला.

"आते बराबर," ते म्हणाले.