फिलिपकाकांच्या भिंतीवरचं वारली चित्र

मंडळी, डोकं तापलंय, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

आज चर्चमधल्या शुक्रवारच्या मिस्सानंतर आम्ही आखातात राहणारे वसईकर इथे अबू हमूरला फिलिपकाकांकडे जेवायला जमलो. सोबत माझ्या हॉस्पिटलमधली नर्स लिंडा होती. ती कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी. तिच्या आईला लहानपणी घरातून उचलून बोर्डिंग शाळेत डांबलं होतं. स्वतःची भाषा बोललं की मार. यंदा सरकारने त्याची जाहीर माफी मागितली, हे ती सांगत होती.

काकांचे डोळे भरून आले. "कसली माणसं! दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन त्यालाच हाकलायचं?"

तेवढ्यात वसईहून त्यांच्या भावाचा फोन आला. काका ओरडले, "आपल्या वाडीतल्या वारल्यांना अजून उठवलं नाहीस? यल्ला, चल लवकर, कुंपण घालून टाक!"

मी म्हटलं, "काका, ते तर तुमच्या आजोबांच्याही आधीपासून तिथे राहतात ना?"

"अगं, ते वेगळं. तू भात घे."

लिंडाला मराठी कळत नाही. तिने भिंतीवरच्या वारली चित्राकडे बोट दाखवून विचारलं, हे कोणी काढलंय?

काका छाती फुगवून म्हणाले, "अवर पीपल!"

आता तुम्हीच सांगा, ही आपली माणसं भिंतीवर चालतात, मग वाडीत का चालत नाहीत?