मांदेलीला मांदेलीचं माप

नात नऊ वर्षांची. पळायला लागली की शाळेत तिच्या पुढे कोणी नाही. पण यंदा तालुक्याच्या स्पर्धेचा कागद आला आणि माझा मुलगा सहीच करेना. का, तर मोबाईल म्हणाला, पोर कमी वजनाची आहे.

झालं असं, शाळेत सगळ्यांची वजन-उंची घेतली. मुलाने ते आकडे मोबाईलमध्ये टाकून बीएमआय काढला. आला साडेपंधराच्या आसपास. साडेअठराच्या खाली म्हणजे अशक्त, असं तिथं लिहिलेलं. मग काय, पावडरचा डबा आला. सकाळ-संध्याकाळ पेला भरून दूध. पोर नाक दाबून प्यायची आणि मोरीत जाऊन ओकायची. पळणं बंद.

"आई, तुला न्हाय कळायचं त्यातलं."

न्हाय कळायचं? अरे, जन्मभर उरणच्या बाजारात मासळी विकली मी. बोटाएवढी मांदेली उचलून हातभर घोळ माशाशेजारी ठेवायची आणि बारीक आहे म्हणायचं, असं करतं का कोणी? आकडे मला कळत नसतील. पण पोर पोटभर जेवते, दिवसभर हुंदडते, मागच्या वर्षीचा फ्रॉक आता गुडघ्याच्या वर गेलाय, एवढं दिसतं ना मला!

तरी म्हटलं, माझंही खरं धरायला नको. नातीचा हात धरला आणि आरोग्य केंद्र गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चपला काढून परत वजन केलं, भिंतीला उभी करून उंची घेतली. मग वाकड्या रेषांचा एक तक्ता काढला. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. नऊ वर्षांवर बोट ठेवून म्हणाल्या, "आजी, ही अगदी बरोबर आहे. साडेअठराचा हिशेब मोठ्या माणसांचा. मुलांचं वयाप्रमाणे बघायचं असतं. सहा महिन्यांनी परत आणा, वाढ कशी होतेय बघू."

"बाई, हे लिहून द्या. आमच्या घरात माझ्या तोंडाचं कोणी ऐकत नाही."

संध्याकाळी मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर लावून घरी आला. जेवायला बसला तसे मी ताटाशेजारी दोन्ही कागद ठेवले. बाईंचा वर, स्पर्धेचा खाली.

"कर सही."

त्याने वाचलं. दोनदा वाचलं. "पण आई, मोबाईल..."

"मोबाईलचं माप मोठ्यांचं हाय ना? मग आता तुझं वजन टाक त्यात. बघू काय म्हणतो."

नात फिसकन हसली. मुलाने पोटावरचा शर्ट खाली ओढला आणि तिच्याकडे हात केला.

"पेन दे गो."