नाव आलं की सुई

वॉर्डातले किस्से फुटक्या बांगड्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत, आणि दाखवायचे कुणाला तेही कळत नाही. घरी सासूबाई विचारतात, ‘आज काय झालं?’ मी म्हणते, ‘काही नाही.’

लग्न होऊन मी अंबरनाथला आले, तेव्हा माझी धाकटी नणंद वर्षा उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात, मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स होती. ‘वहिनी, घरात बसून भिंती काय बघताय? चला माझ्याबरोबर!’

गेले. एका मॅडमनी आम्हा स्वयंसेवक बायकांना शिकवलं : साबणाचे फुगे, लांब श्वास, तळपायाला तेल, गाणी, गोष्टी. औषध डॉक्टर देतील. आपण भीती कमी करायची.

पहिल्याच दिवशी समोर आली साक्षी. बदलापूरजवळच्या चामटोलीची, सात वर्षांची, रक्ताचा कॅन्सर. सुई दिसली की खाटेखाली! मी फुग्यांची बाटली पुढे केली. ‘फुंकर मार, मग दुखणार नाही.’

‘तुम्हाला टोचलीय का कधी?’

मी बाटलीचं झाकण लावलं.

* * *

मॅडमनी एक कॅसेट दिली होती. समुद्राच्या लाटा, मन शांत व्हावं म्हणून. लावली. दहा मिनिटांत अख्खा वॉर्ड एका सुरात, ‘सिस्टर, सू लागली!’

* * *

साक्षीने माझ्या हातावरची पुसट मेंदी पाहिली. ‘नवी नवरी आहात? मग नाव घ्या!’

लग्नात मला उखाणा सुचला नव्हता. सासूबाई अजून ऐकवतात. इथे मात्र डॉक्टर सुई धरून उभे, साक्षीने हात पाठीमागे लपवलेला. ‘आधी तुम्ही नाव घ्या, मग मी सुई घेते.’

‘बदलापूरच्या बाजारात जांभळांची रास,
मिलिंदरावांचं नाव घेते साक्षीसाठी खास!’

नाव आलं, सुई गेली.

‘झालं पण?’ साक्षी म्हणाली.

मग सगळ्यांनाच उखाणा हवा झाला. शेजारच्या खाटेवरच्या बंटीची सिंधी आजी म्हणाली, ‘बहू, तेरा आदमी तो दवाई निकला!’

* * *

एकदा मिलिंद मला न्यायला वॉर्डात आला. वर्षा कौतुकाने ओरडली, ‘बघा कोण आलंय! मिलिंद!’

सगळ्या खाटांवरचे हात झटकन चादरीखाली!

घरी जाताना त्याने रिक्षाच्या आरशात वाकून स्वतःला पाहिलं. मग म्हणाला, ‘मी एवढा भयंकर दिसतो?’

* * *

साक्षी हुशार. नाव आलं की सुई येते, हे तिने ओळखलं. ‘वहिनी, नाव लांबवा ना!’

लांबवलं. बदलापूरला झाड, झाडाला फांदी, फांदीवर पोपट, पोपटाला चोच, चोचीत जांभूळ...

डॉक्टर वैतागले. ‘अहो, मिस्टर आहेत ना नक्की?’

साक्षी इतकी हसली की सुई कधी गेली ते तिला कळलंच नाही.

* * *

एका सोमवारी बंटीची खाट रिकामी होती.

‘घरी गेला,’ वर्षा चादर बदलत म्हणाली.

साक्षीने खाली वाकून पाहिलं. ‘चप्पल न घालता?’

* * *

पावसाळा संपता संपता साक्षी उठून बसेनाशी झाली. डॉक्टरांनी तिच्या आईला बाहेर बोलावलं. आता टोचायचं नाही, म्हणाले. दुखणार नाही एवढं बघू.

आई आत आली. पदराने तोंड पुसलेलं. उखाण्याच्या वेळी ही बाई नेहमी दाराबाहेर थांबायची. सुई तिला बघवत नसे. आज ती खाटेवर टेकली.

साक्षी माझ्याकडे बघत होती. मी ‘बदलापूरला झाड...’ एवढंच म्हणून तिची चादर नीट करत राहिले.

मग तिनेच आईचा हात ओढून उशीवर ठेवला. तळवा वर, मी तिचा ठेवायचे तसा.

‘आई, लांब श्वास घे. मी नाव घेते.’

आणि हळूहळू, दम खात, सुरू झाली. ‘चामटोलीचा रस्ता... रस्त्याला वळण... वळणावर चिंच... चिंचेखाली घर... घराला अंगण... अंगणात कोंबडी... कोंबडीला पिल्लं...’

आईला राहवेना. ‘नाव कधी घेशील गं बाई?’

‘थांब ना,’ साक्षी म्हणाली. ‘अजून दाराची कडी काढायचीय.’